लोकरीच्या पेटीचं भांडण

माझ्या आत्याच्या घरात रागाचा मक्ता आतोबांकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे होता. इतरांना रागवायचंच असेल तर त्यांचं उरकल्यावर, उरलासुरला राग वापरून. आत्याच्या वाट्याला तो कधी उरलाच नाही, त्यामुळे नातेवाइकांत तिची 'शांत बाई' अशी ख्याती झाली. ही ख्याती तिने कमावलेली नव्हती, तिच्या अंगावर येऊन पडली होती. चार बायका जमल्या की कोणीतरी तिला विचारी, "कसं हो जमतं तुम्हाला?" आत्या म्हणे, "सवय." हा शब्द ती ज्या सुरात उच्चारत असे, त्या सुरात लोक सहसा दाढदुखीबद्दल बोलतात.

आतोबा सुतार. त्यांच्या रंध्याखालून निघालेल्या फळीवर बोट फिरवलं तर आपलंच बोट खडबडीत असल्याची लाज वाटावी. घराच्या तळमजल्यावर कारखाना आणि वर राहायची जागा. रस्त्याने जाताना ते ओळखीच्या माणसांकडे बघत नसत, ओळखीच्या दरवाजांकडे बघत. दुसऱ्या कुणी केलेला दरवाजा दिसला की थांबत, बिजागरीपर्यंत नाक नेत आणि 'हं' म्हणत. या एका 'हं'वर त्यांनी शहरातले बहुतेक सुतार दुखावून ठेवले होते.

वरच्या घरात जे जे लाकडी ते आतोबांनी केलेलं, आणि जे लाकडी नव्हतं ते त्यांच्या मते तात्पुरतं होतं. टेबलावर गरम कप ठेवायचा नाही. कपाटाला ओला हात लावायचा नाही. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. जुन्या बनियनची चिंधी घेऊन ते अधूनमधून घरातल्या सगळ्या लाकडाला मेण चोळत बसत. त्या मेणाचा गोडसर, जड वास भिंतींत इतका मुरला होता की पाहुण्यांना जिन्यातच येई आणि घरच्यांना अजिबात येत नसे. ही वासाची गोष्ट लक्षात असू द्यावी, पुढे लागणार आहे.

आत्या पडदे शिवायची. एका मोठ्या दुकानातून मापं आणि कापडाचे गठ्ठे येत, आणि आठवडाभर तिचं यंत्र छतापासून जमिनीपर्यंतच्या सरळ शिवणी मारत बसे. अशा बाईला फावल्या वेळात वाकडं जायची हौस असली तर नवल नाही. तिच्या क्रोशाच्या चौकोनांत एकही रेघ सरळ नव्हती. भरतकामात वेली अशा वळत की डोळा मागे राही. बाहुल्या, कागदी फुलं, लोकरीचे मोजे, काय वाट्टेल ते ती करी, आणि करण्यासाठी लागेल ते साठवून ठेवी. ते ठेवायचं कुठे, हा प्रश्न मात्र तिला लग्नापासून सुटलेला नव्हता. घरात कपाटं भरपूर होती, पण प्रत्येक खणाला आधीच मालक होता. बिजागऱ्यांचा खण, चाव्यांचा खण, पॉलिश पेपरचा खण, आणि एक खण नुसता रिकामा, कारण तो आतोबांच्या मते 'जमून आला होता' आणि त्यात काही भरलं की तो बिघडला असता. आत्याची रिळं बिस्किटांच्या डब्यांत, लोकर बुटांच्या खोक्यांत आणि बटणं औषधाच्या बाटल्यांत. हे सगळं पलंगाखाली, दारामागे, यंत्राच्या पायाशी. कपाटं करणाऱ्याच्या घरात ती निर्वासितासारखी सामान लावून राहत होती.

मग एका सकाळी आतोबांच्या टाचेत टाचणी घुसली.

टाचणी लहानशीच होती, पण तिचा गाजावाजा दुपारपर्यंत चालला. "हे घर आहे की शिंप्याचं दुकान?" इथपासून सुरू होऊन गाडी माझ्या आजोबांवर, म्हणजे मुलीला वळण न लावणाऱ्या माणसावर येऊन थांबली. आत्याने टाचणी काढली, टाचेला औषध लावलं, टाचणी पुसून उशीत खोचली. टाचणी वाया घालवणं तिला पटत नसे. आतोबा पाय आपटत, म्हणजे एकच पाय आपटत, खाली गेले आणि पुढचे बरेच दिवस कारखान्यातून करवतीचा आवाज येत राहिला.

पेटी अशी रागातून झाली. झाली मात्र देखणी. एका जुन्या इमारतीच्या तुळया त्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्याच मुरलेल्या लाकडाची. गुडघ्याइतकी उंच, बाकासारखी लांब. आत कप्पे. कोपऱ्यांवर दोन्ही बाजूंचे दात एकमेकांत असे बसवलेले की कुठली फळी कुठे संपते ते कळू नये. खिळा एकही नाही. झाकण सोडलं की आदळत नसे, आतली हवा बाहेर जाईपर्यंत वाट बघत सावकाश बसे. आतोबांनी ती वर आणून आत्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "घे. ही तुझी. आता बाहेर एक टाचणी दिसता कामा नये."

त्या वाक्यातला दुसरा भाग आतोबांना महत्त्वाचा वाटत होता. आत्याने पहिला लक्षात ठेवला.

तिने सगळं सामान पेटीत लावलं. आतोबांनी तिचे डबे आणि खोकी त्याच संध्याकाळी कचऱ्यात टाकली, परतीची वाट बंद करावी तशी. काही दिवस घरात शांतता होती. मग पाहुणे यायला लागले.

पाहुणे पूर्वीही येत, पण आता आतोबा त्यांना बोलावून आणत. लाकडाचा व्यापारी, जुनं गिऱ्हाईक, बँकेतला ओळखीचा, कुणीही. चहा व्हायच्या आत आतोबा पेटीचं झाकण उघडत, आतलं सामान दोन्ही हातांनी उपसून दिवाणावर ओतत आणि पाहुण्याची मान धरून आत वाकवत. "आतून बघा. बाहेरून काय, कुणीही करतं. खिळा सापडला तर नाव बदलीन." रिळं घरंगळत दिवाणाखाली जात. लोकरीचे गुंडे एकमेकांत गुंतत. पाहुणा माना डोलावून, मेणाच्या वासाने शिंकून निघून जाई. मग आत्या गुडघ्यांवर बसून सगळं गोळा करी आणि आतोबा खुर्चीतून म्हणत, "शंभर वर्षं हलणार नाही."

असाच एक पाहुणा गेल्यावर, दिवाणाखालून निळं रीळ काढता काढता, आत्या म्हणाली, "मी पेटी रंगवणार आहे." मी तिथेच चहा पीत होतो, कप अर्थातच हातात धरून.

"काय करणारेस?"

"रंगवणार आहे. निळी. वर पिवळी फुलं."

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं, मी साक्षीदार आहे याची खात्री करून घ्यावी तसं. "सांधे झाकले जातील," ते म्हणाले.

"हो."

"त्या सांध्यांवर मी किती राबलोय, माहितीये?"

"माहितीये. तुम्ही सगळ्यांना सांगता तेव्हा मी इथेच असते. दिवाणाखाली."

"लाकडाला रंगच फासायचा तर लाकूड कशाला? पत्र्याचा डबा घे की."

"पत्र्याचेच होते. तुम्ही फेकलेत."

यावर आतोबांनी जे आवाज काढले त्यांत शब्द थोडे होते. त्यांचा सारांश असा, की हे लाकूड आपल्या सगळ्यांपेक्षा जुनं आहे, त्याला रेषा आहेत, आणि पिवळी फुलं हा त्याचा अपमान आहे. आत्या ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "पेटी कोणाची?"

आतोबा थांबले. "तुझी."

"मग?"

आणि आतोबा एकदम शांत झाले. "रंगव," ते म्हणाले. "तुझी आहे."

या माणसाने आयुष्यात एकही भांडण शहाण्यासारखं संपवलेलं नव्हतं. तिथेच शंका यायला हवी होती.

पहिला निळा रंग दोन दिवस बरा राहिला. मग आत्याने पुसायला फडकं लावलं आणि रंग दुधावरची साय निघावी तसा अख्खा निघाला. खाली लाकूड जसंच्या तसं, हसल्यासारखं. आतोबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "हवा दमट आहे."

तिने उरलेला रंग खरवडला, साबणाच्या पाण्याने पेटी धुतली, उन्हात ठेवली, वाळवली. पुन्हा रंग दिला, पातळ, थोडा थोडा. या वेळी तो बसलाच नाही. थेंब थेंब होऊन एका कोपऱ्यात जमला. वरून काढलेलं पिवळं फूल सरकून खाली आलं. आतोबांनी ते वाकून पाहिलं. "पाणी जास्त झालं असेल," ते म्हणाले. तिसऱ्या वेळी आत्याने चांगल्यातला रंग आणला, नवा ब्रश आणला, श्वास रोखून फुलं काढली. सुकल्यावर कडेला नख लागलं आणि एका फुलाची पाकळी नखाबरोबर आली. मग देठ. मग फूल.

तेव्हा आतोबा तिच्या शेजारी येऊन बसले. तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "हात हलतो तुझा. रंग सारखा लागत नाही. वय झालं. सगळ्यांचंच होतं." इतक्या मायेने ते तिच्याशी कधी बोलले नव्हते.

पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा आत्या खिडकीपाशी रिकामी बसली होती. हे दृश्य मला ओळखायला वेळ लागला. मांडीवर काही नाही, सुई नाही, लोकर नाही, दोन हात नुसते ठेवलेले, जसे दुसऱ्या कुणाचे तिला सांभाळायला दिलेत. उशीच्या अभ्र्यावर अर्धी वेल भरलेली होती आणि सुई त्यातच खोचून अभ्रा घडी करून ठेवला होता.

"हात गेले रे माझे," ती म्हणाली. रडून वगैरे नाही. गिरणी बंद झाली, त्या सुरात.

तिच्या मुलीने फोनवरून डॉक्टर शोधला होता. हात थरथरण्याचे आजार कोणकोणते असतात, हेही तिने आईला वाचून दाखवलं होतं. आईला धीर द्यायची तिची ही पद्धत. आतोबा म्हणाले होते, "जाऊन ये. मी येतो बरोबर."

डॉक्टरकडे जायच्या आधी आत्याला एक काम उरकायचं होतं. रंगाचा एक डबा न उघडलेला होता, तो दुकानात परत करायचा. तिला फुकट काही पडलेलं चालत नसे. मी डबा घेतला. तिने पेटीचं झाकण बिजागऱ्यांतून काढलं, जुन्या पडद्यात गुंडाळलं आणि काखेत धरलं. "दाखवते त्याला," ती म्हणाली. "नाहीतर म्हणेल रंगाला नावं ठेवते."

रंगवाला आपल्या डब्यांसारखाच ठेंगणा, गोल आणि बाजूने ओघळ सुकलेला होता. त्याने झाकण काउंटरवर घेतलं, नखाने ओरखडा काढला, नख निरखलं, मग झाकणाला नाक लावलं.

"काकू, यावर मेण आहे."

"असेल थोडं जुनं. धुतलंय मी. साबणाने, गरम पाण्याने."

"जुनं कुठलं? ताजं आहे. हे बघा, नखात येतंय. कुणीतरी अगदी मन लावून चोळलंय. यावर तुम्ही काय, मी जरी रंग दिला तरी बसायचा नाही." मग त्याने डोळे बारीक केले. "घरात कुणी सुतार आहे का?"

"आहे," आत्या म्हणाली. "अजून तरी."

रंगवाला हसला. आत्या हसली नाही, हे बघून त्याने हसणं आवरलं आणि काही न विचारता डबा परत घेतला.

परतीच्या वाटेवर झाकण तिने मला धरू दिलं नाही. ती इतकी भरभर चालत होती की मला मधूनमधून धावावं लागलं. एकदाच थांबली, उजवा हात सरळ पुढे धरला आणि बोटांकडे बघत उभी राहिली. बोटं हलत नव्हती. भिंतीला टांगलेल्या करवतीसारखी स्थिर होती. मग पुन्हा चालायला लागली, आणखी जोरात.

आतोबा कारखान्यात पटाशीला धार लावत होते. आत्याने झाकण त्यांच्यासमोर ठेवलं. त्या कारखान्यात ती न विचारता कधी येत नसे. मी पायरीवर थांबलो, कारण आत जायची माझी छाती नव्हती.

"मेण कधी लावलंत?"

"कशाला?"

"समोर ठेवलंय त्याला."

"लाकडाला मेण लागतं," आतोबा म्हणाले. "तहान असते त्याची."

"आधी लावलंत ते कळलं. मी रंग खरवडून, धुऊन, वाळवून ठेवत होते. त्यानंतर कधी लावलंत?"

आतोबा पटाशीची धार उजेडात धरून बघू लागले.

"मी बाजारात जायची तेव्हा?"

धार चांगलीच निघालेली असावी. ते बघतच राहिले.

"प्रत्येक वेळी?"

"चांगलं काम नासताना मला बघवत नाही," ते अखेर म्हणाले.

"मग म्हणायचं तसं. रंगवू नकोस, म्हणायचं. ओरडायचं. ओरडायला तुम्हाला शिकवणी लावावी लागते का?"

"ओरडलो असतो तर तू म्हणाली असतीस, माझी आहे."

"माझीच आहे. म्हणून माझे हात गेले म्हणालात?"

"हात गेले असं मी म्हणालो नाही. वय झालं म्हणालो."

"हात हातात घेऊन म्हणालात." तिचा आवाज चढला नव्हता. खाली गेला होता, आणि त्या खालच्या आवाजाने कारखान्यातली हत्यारं सुद्धा अंग चोरून बसल्यासारखी वाटली. "मी भरतकाम घडी घालून ठेवलं. पोरीने मला आजारांची नावं वाचून दाखवली. रात्रभर मी बोटं मोजत पडायची, कुठलं आधी जाईल म्हणून. तुम्ही शेजारी घोरत होता. डॉक्टरकडे बरोबर येणार होतात ना? काय सांगणार होतात त्याला? मेण चोळून द्या म्हणून?"

आतोबांनी तोंड उघडलं. मक्तेदार होते, काहीतरी बोलणं भाग होतं. "एवढं काय झालं आकाश कोसळायला," ते म्हणाले, "एका पेटीवरून."

"पेटीवरून नाही," आत्या म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

भिंतीवर आतोबांची हत्यारं आकाराप्रमाणे टांगलेली होती. प्रत्येकामागे त्याची बाह्यरेषा काढलेली, म्हणजे एखादं जागेवर नसलं तर लगेच कळावं. आत्याने ड्रिल काढलं. मागे भिंतीवर ड्रिलची नुसती रेघ उरली.

"ते जड आहे," आतोबा म्हणाले.

"बघू की. हात चालतात का बघू."

तिने पेटी माझ्याकडून खाली आणवली. मग वर जाऊन भरतकामाचा चौकटीचा कागद आणला, ज्यावर ती वेली आखत असे. अर्ध्या राहिलेल्या अभ्र्याचीच वेल होती ती. कागद पेटीच्या समोरच्या फळीवर टाचण्यांनी बसवला. टाचण्या लाकडात घुसताना आतोबांची टाच हलली. मग तिने पाय रोवून, पडद्याचं कापड कापताना मान तिरकी करायची तशी करून, पहिलं भोक पाडलं.

आतोबा दारात उभे होते. त्यांना काहीही करता आलं असतं. ड्रिल हिसकावता आलं असतं, वायर काढता आली असती. पण तीनच शब्द आड येत होते आणि ते त्यांचेच होते. 'घे, ही तुझी.' प्रत्येक भोकाला ते पापणी लववत होते. भोकं ओळीने पडत गेली, वळली, पानाच्या टोकाशी जवळ आली, देठापाशी लांबली. जमिनीवर त्या जुन्या तुळयांचा पिवळसर भुसा साचला. रंगाला लाकूड नाही म्हणू शकत होतं. भोकाला नाही म्हणायची सोय नव्हती.

मग आत्या त्या भोकांतून लोकर ओवायला लागली. निळी वेल, पिवळी फुलं. जाड सुईने, फळीच्या आतून बाहेर, बाहेरून आत, पडद्याला शिवण घालावी तशी खेचून. अनेक दिवस चाललं ते. मुलगी आईला डॉक्टरकडे न्यायला आली आणि हे बघून दारातच थबकली.

"आई, लाकडाला कुणी शिवतं का?"

"मी शिवते."

"आणि डॉक्टर?"

"त्याला सांग, हात सापडले. घरातच होते." मग धागा दातांनी तोडून म्हणाली, "तुझ्या बाबांना ने हवं तर. त्यांची जीभ दाखवून आण. लागेल तेव्हा चालत नाही."

आतोबा बोलत नव्हते. पूर्वीही त्यांनी अबोला धरलेला होता, पण तो दुसऱ्यांना शिक्षा म्हणून. हा वेगळा होता. याचं काय करायचं ते त्यांना कळत नसावं, म्हणून ते जेवणाच्या टेबलावर बोटाने रेषा ओढत बसत आणि नंतर त्या स्वतःच पुसत.

पेटीच्या चारी बाजू भरून झाल्या तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. वेल सगळीकडे पसरली होती, पण कोपऱ्यांच्या अलीकडे थांबत होती. एकमेकांत अडकलेले ते दात उघडेच होते, त्यांच्यावर एक टाका नव्हता. मी विचारलं, कोपरे राहिले का म्हणून.

"राहिले नाहीत, सोडले," आत्या म्हणाली. "ते त्यांचं काम आहे. मी दुसऱ्याच्या कामावर मेण फासत नाही."

आतोबा खोलीतच होते. त्यांनी ऐकलं. पण हे वाक्य काही त्यांना गप्प करायला बोललेलं नव्हतं. ते आधीच गप्प होते.

गप्प राहणं त्यांना शेवटी जमलं नाही ते एका लोकरीच्या गुंड्यामुळे. आत्या पेटीतून पांढरी लोकर बाहेर काढत होती आणि ती आतल्या बाजूला अडकत होती. एक तंतू तुटला, मग दुसरा. तिने आत हात घालून चाचपलं आणि बोट पटकन मागे घेतलं. बोटात कुसळ गेलं होतं. आतोबांच्या घशातून 'च्' असा आवाज आला.

"काय?" आत्या म्हणाली.

"आतून फाटलंय लाकूड," ते म्हणाले. किती दिवसांनी बोलले म्हणून आवाज कोरडा होता. "ड्रिल पलीकडून बाहेर पडतं तेव्हा फाडतं. मागे फालतू फळी दाबून धरायची असते. मग भोक स्वच्छ पडतं."

आत्याने कुसळ काढलं, बोट चोखलं. "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"आता सुताराला हे माहीत नसणार?"

"म्हणजे मी भोकं पाडत होते तेव्हाही माहीत होतं."

आतोबांच्या चेहऱ्यावर उजेड पडताना मी पहिल्यांदा बघितला. फार सावकाश पडला, त्या झाकणासारखा.

"दारात उभे होतात," आत्या म्हणाली. "पहिल्या भोकापासून. तोंडात मिठाची गुळणी धरून."

"तू रागात होतीस."

"तुम्ही रागात असता तेव्हा मी तुम्हाला टाचणी कुठेय ते सांगत नाही का?"

आतोबांनी खुर्चीतूनच पेटीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "घासून देऊ का आतून?"

"नाही. कसं घासायचं ते सांगा."

मग त्यांनी सांगितलं. पॉलिश पेपरची बारीक सुरळी करायची, आधी खरखरीत, मग मऊ, आणि रेषेच्या दिशेने. सांगताना त्यांचे हात आपोआप पुढे येत होते आणि ते त्यांना मागे घेत होते. सुरळी आत्यानेच केली, घासलंही तिनेच. एकदा ती उलट्या दिशेने घासायला लागली तसे आतोबा खुर्चीतून अर्धे उठले, तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले, "उलटं होतंय." आत्याने दिशा बदलली. आभार मानले नाहीत. त्यांच्यातलं कुणीच तसली अपेक्षा करत नव्हतं.

झाकण राहिलं होतं. ते तिने दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेलं, न विचारता. भिंतीवरच्या रेघेतून ड्रिल काढलं, कागद लावला. आतोबा पलीकडे कुणाचीतरी चौकट जुळवत होते. त्यांनी ती बाजूला ठेवली, कोपऱ्यातून एक भंगार फळी काढली, झाडली, आणि आत्यापासून हातभर अंतरावर ती धरून उभे राहिले. 

आत्याने त्यांना बराच वेळ तसंच उभं ठेवलं. कागदाची एक टाचणी काढून पुन्हा लावली, जिची गरज नव्हती.

"धरायची तर धरा," ती म्हणाली. "आणि हात सांभाळा. मी थांबणार नाही."

त्यांनी धरली. ती खरोखरच थांबली नाही. भोकं स्वच्छ पडली.

आता सगळं गोड झालं असं कुणाला वाटेल, तर तसं काही नाही. आत्या अजून रागातच आहे. मला वाटतं, तो राग तिला मानवला आहे. ती पहिल्यापेक्षा ताठ बसते आणि टेबलावर गरम कप ठेवते. त्याचा एक गोल पांढरा डाग पडला आहे आणि त्याला मेण लावायची आतोबांना अद्याप परवानगी मिळालेली नाही. नातेवाइकांत तिची ख्याती बदलायला सुरुवात झाली आहे. बायका आता "कसं जमतं हो?" असं विचारत नाहीत, जरा लांबून बघतात.

गेल्या आठवड्यात आतोबांकडे लाकडाचा व्यापारी आला होता, तोच, ज्याला त्यांनी पेटी दोनदा दाखवली होती. त्याने वेल पाहिली, फुलं पाहिली, डोळे चोळले. "हे काय झालं हो तुमच्या पेटीला?"

"तिची आहे," आतोबा म्हणाले.

"आतून तशीच आहे ना? ते दात बघायचे होते मला पुन्हा. माझ्या जावयाला सांगत होतो."

आतोबांचा हात सवयीने झाकणाकडे गेला. झाकणाच्या कडेवर टेकला. आत्या खिडकीपाशी अभ्रा भरत बसली होती. तिने सुई थांबवली नाही, मान वर केली नाही. आतोबा तिच्याकडे बघत राहिले. व्यापारी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत होता.

"अगं," आतोबा म्हणाले, "उघडू का?"

आत्याने टाका पुरा केला, गाठ मारली, धागा तोडला.

"नको," ती म्हणाली.

आतोबांनी हात काढून घेतला. मग व्यापाऱ्याला बाहेरचे कोपरे दाखवत बसले.